मत्सराचा कडेलोट : ‘अ सेपरेट पीस’मधील दोन मित्र

मत्सराने मैत्री तुटते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. मनात हेवा बाळगूनही माणसे वर्षानुवर्षे मित्र राहतात. मग त्याचा कडेलोट एका विशिष्ट क्षणीच का होतो? जॉन नोल्स यांच्या ‘अ सेपरेट पीस’ (१९५९) या कादंबरीत याचे मला पटलेले सर्वांत नेमके उत्तर सापडते.

१९४२चा उन्हाळा. न्यू हॅम्पशायरमधल्या डेव्हन या निवासी शाळेत जीन आणि फिनिअस एकाच खोलीत राहतात. जीन अभ्यासात पुढे, फिनिअस मैदानावर अजोड. एके दिवशी फिनिअस सहज पोहायला उतरतो आणि शाळेचा विक्रम मोडतो. स्टॉपवॉच धरून उभा असलेला जीन हा एकटाच साक्षीदार. हे कुणाला सांगायचे नाही, असे फिनिअस त्याला बजावतो. त्याने फुशारकी मारली असती, तर जीनला त्याला गर्विष्ठ ठरवता आले असते. तीही सोय राहत नाही.

मग जीन स्वतःची समजूत घालतो : फिनिअसही आपल्यावर जळतो आणि मुद्दाम आपला अभ्यास बुडवतो. हा समज खोटा असला, तरी मैत्री त्यावरच टिकून राहते, कारण त्यात दोघे बरोबरीचे ठरतात. फ्रेंचच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फिनिअस निरागसपणे सांगतो की तुला अभ्यासाची गरजच पडत नाही, असे मला वाटायचे. समोरच्याच्या मनात स्पर्धा कधी नव्हतीच, हे जीनला उमगते. तो एकटाच खुजा उरतो. त्यानंतर थोड्याच वेळात दोघे नदीत उडी मारायला काठच्या झाडावर चढतात; तिथे जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनिअस खाली कोसळतो. पाय कायमचा अधू होतो. हे जाणूनबुजून घडले की नकळत, यावर वाचक वाद घालतात; मला तो वाद दुय्यम वाटतो. द्वेष भरात असताना जीनचा हात उठला नव्हता, द्वेषाला आधार उरला नाही तेव्हा हे घडले.

मैत्री मात्र त्या दिवशी तुटत नाही. जीनने दिलेली कबुली फिनिअस ऐकूनच घेत नाही; उलट शाळेत परतल्यावर १९४४च्या ऑलिंपिकसाठी जीनला घडवू लागतो. पुढे ब्रिंकर हा वर्गमित्र रात्री त्या अपघाताची चौकशी भरवतो, लेपर हा दुसरा वर्गमित्र झाडावर काय घडताना पाहिले ते सांगतो, तेव्हा फिनिअस उठून बाहेर धावतो आणि संगमरवरी जिन्यावरून पडतो. तोवर ज्याने पाडले तोही आणि जो पडला तोही, दोघे मिळून ती मैत्री सांभाळत होते.