गाणं वाजवायला परवानगी कुणाची?

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही की लढायांचा नाही. तो आहे 'ॲक्सेस इज डिनाइड' या तीन शब्दांचा.

मागच्या दिवाळीत मी अंबडला गेलो होतो. माळ्यावर दादाचा जुना कॉम्प्युटर सापडला. सीपीयूवर बोटभर धूळ. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये माझ्या आजीचा आवाज होता. २००८ मध्ये दादाने मोबाईलवर तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आजी २०१५ मध्ये गेली. तिच्या आवाजाची दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती.

कॉम्प्युटर काही चालू झाला नाही. एका दुकानात दाखवला, तर तो म्हणाला, "डिस्क गेलीय, फॉरमॅट मारून देतो." माझ्या पोटात गोळा आला. डिस्क घरी आणली आणि केबल लावून लॅपटॉपला जोडली. डिस्क धडधाकट होती. दादाच्या नावाचं फोल्डर समोर दिसत होतं, पण क्लिक केलं की तेच: ॲक्सेस इज डिनाइड. आवाज आहे, स्पीकर आहे, प्लेअर आहे, फक्त परवानगी नाही.

आईला हे सांगितलं तर ती हसली. "अरे, तुझ्या आजोबांना रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागायचा!"

आणि हे खरंच होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ साली बिनतारी यंत्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतरही ती पद्धत चालू राहिली. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. आमच्या आजोबांच्या पुस्तिकेवर जिल्हा औरंगाबाद आहे, कारण जालना जिल्हा झालाच मुळी १ मे १९८१ ला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही परवान्याची भानगड संपली.

आता गंमत बघा. त्या परवान्यात सरकार माणसाला विचारत होतं, 'तू ऐकू शकतोस का?' कॉम्प्युटरमधली परवानगी मात्र वेगळ्या गरजेतून आली.

१९६० च्या दशकात कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि एकाच यंत्रावर अनेकजण काम करायचे. माझी फाइल तू पुसू नयेस, एवढी साधी अडचण. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये त्यासाठी पासवर्ड आला. पुढे बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवलं. त्यात प्रत्येक फाइलला मालक आला, आणि वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तीन वेगळ्या परवानग्या आल्या. लिनक्सने हेच उचललं. तिथे साउंड कार्डसुद्धा फाइलसारखं दिसतं, म्हणून त्यालाही परवानगी लागते. जुन्या लिनक्सवर तुमचं नाव 'ऑडिओ' गटात नसेल, तर प्लेअर चालू व्हायचा, गाणं पुढे सरकायचं आणि आवाज मात्र शून्य!

आपल्याकडच्या घराघरांत मात्र २००१ मध्ये आलेलं विंडोज एक्सपी होतं. त्यात घरी बनवलेलं पहिलं खातं थेट ॲडमिनिस्ट्रेटर असायचं. म्हणजे तुम्ही विनॅम्प उघडा नाहीतर पत्त्यांचा गेम, त्या प्रोग्रामच्या हातात सगळ्या घराच्या किल्ल्या. गाणी लगेच वाजायची, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

मग २००५ उजाडलं. सोनी बीएमजी कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की एक प्लेअर इन्स्टॉल व्हायचा. सोबत गुपचूप आणखी एक प्रोग्राम यायचा आणि विंडोजच्या आत खोल जाऊन लपायचा. हेतू हा, की लोकांनी गाण्यांच्या कॉप्या काढू नयेत. ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या इंजिनिअरने हे उघडकीला आणलं. त्या प्रोग्राममुळे ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल दिसेनाशी व्हायची. थोड्याच दिवसांत व्हायरसवाल्यांनी तीच अक्षरं आपल्या फाइलींना लावली आणि आयत्या बिळात नागोबा जाऊन बसला. लोकांनी पैसे मोजून गाणी घेतली होती. पण खातं ॲडमिनचं असल्यामुळे त्या प्रोग्रामला अडवायला कुणी नव्हतं.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा घरोघरी पोचलं. स्क्रीन काळवंडायची आणि प्रश्न यायचा, 'या प्रोग्रामला परवानगी देऊ का?' लोक इतके वैतागले की अनेकांनी ते बंदच करून टाकलं. २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे प्रश्न कमी केले गेले. पण दिशा बदलली होती. आता यंत्र प्रोग्रामला थांबवून आपल्याला विचारत होतं.

तुमच्या फोनमध्येही तेच झालं. अँड्रॉइडवर आधी इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागायच्या. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर ॲप सोडा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲप त्या त्या वेळी विचारू लागलं. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये गाणी आणि फोटो यांच्या परवानग्याही वेगळ्या झाल्या. म्हणून एखादा म्युझिक प्लेअर कॉन्टॅक्ट्स मागायला लागला, तर सरळ विचारा: गाणं वाजवायला माझ्या मावशीचा नंबर कशाला हवा?

आता परत अंबडला येऊ. एक्सपीवर पासवर्ड ठेवताना एक प्रश्न यायचा: फाइली खाजगी करायच्या का? दादाने तेव्हा 'हो' म्हटलं होतं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एस-१-५-२१ असा सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, आणि फोल्डरवर तोच नंबर कोरलेला असतो. माझ्या लॅपटॉपवर दादाच्या नावाचं खातं बनवलं असतं, तरी नंबर वेगळाच आला असता. कुलूप जुनं, आणि चावी त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये.

नशीब, फाइली एन्क्रिप्ट केलेल्या नव्हत्या. नाहीतर चावीशिवाय त्या गेल्यातच जमा होत्या. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. तिथे ओनर बदलून माझं खातं लावलं आणि मला फक्त वाचायची परवानगी दिली. ऐकायला तेवढी पुरते. बरेचजण इथे घाईत 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देतात, वर अँटीव्हायरसही बंद करतात. तसं करू नका. दार उघडायचं म्हणून भिंत पाडत नाहीत.

फोल्डर उघडलं. फाइल जुन्या मोबाईलच्या एएमआर प्रकारातली होती, ती व्हीएलसीमध्ये लावली. आधी जात्याची घरघर आली. मग आजी दादाला म्हणाली, "चालू झालं का रे ते?" आणि तिने ओवी धरली. आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आली.

अकरा मिनिटं. त्या रात्रीच तीन ठिकाणी कॉप्या केल्या. एक आईच्या फोनमध्ये आहे, आणि तिथे तिला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्याही माळ्यावर अशी डिस्क पडली असेल. कुणी फॉरमॅट मारायला सांगितलं, तर आधी तिचा मालक कोण ते तपासा. भेटू पुढच्या भागात!