वांती, लंघन आणि पाणी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका नांदेडास जोडला गेला. सीमा बदलली, परंतु मळमळ, ओकारी आणि पोटातील ढवळ यांवरचे घरगुती उपचार दोन्हीकडे एकच राहिले. सुंठ, ओवा, लिंबू; आणि सर्वांआधी लंघन. आमच्या लहानपणी ओकणाऱ्या मुलास पाण्याचा घोटही देत नसत. पोटात ठरत नाही, तर देऊन उपयोग काय, असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न असे.

या नियमास शास्त्राधार होता काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील विसावा अध्याय छर्दीविषयी, म्हणजे वांतीविषयी, आहे. सर्व छर्दी आमाशयाच्या उत्क्लेशातून उद्भवतात, म्हणून आरंभी लंघन करावे, असे तेथे सांगितले आहे. तहान सोसणे हाही लंघनाचाच एक प्रकार त्या ग्रंथात गणला आहे. परंतु वातज छर्दीस लंघनातून स्पष्टपणे वगळले आहे. लोकपरंपरेने नियम जपला आणि अपवाद सोडून दिला, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याहून आले. १९५३ साली डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांवरील उपचारांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रथम औषधाने वांती आवरावी आणि मग मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडानेच द्यावे, ही त्यांची रीत. आपल्या परसातील पानओव्याच्या पानांचा रसही त्या उपचारात होता. तथापि या वृत्तांताची व्हावी तशी दखल घेतली गेली नाही.

पुढे १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात कालवून पाजण्यास आरंभ केला. छावण्यांत शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्युप्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत शेकडा ४ च्या खाली आले. ग्लुकोजच्या संगतीने मीठ आतड्यात शोषले जाते आणि मिठामागून पाणी जाते, हे त्याचे मर्म होय.

ओकारीनंतर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने ही पुडी कालवलेले पाणी द्यावे आणि तेही न ठरल्यास वैद्यास गाठावे, एवढे आज प्रत्येक शिक्षकाने जाणले पाहिजे. वडीलधाऱ्यांची माया खोटी नव्हती. परंतु ज्या पाण्याने मूल वाचावयाचे, तेच ती त्याच्यापासून दूर ठेवीत होती.