माधव गाडगीळ
माधव धनंजय गाडगीळ (जन्म : २४ मे १९४२, पुणे) हे भारतीय परिसंस्थाशास्त्रज्ञ व मराठी विज्ञानलेखक. हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने राखलेली ही राने संशोधनाचा विषय झाली, ती मुख्यतः या अभ्यासामुळे. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. देवरूखसह संपूर्ण रत्नागिरी जिल्ह्याचा व सिंधुदुर्गाचा त्यात स्वतंत्र विचार होता. संवर्धनाचे निर्णय ग्रामसभांत व्हावेत आणि अहवाल लोकांच्या भाषेत उपलब्ध व्हावा, असा गाडगीळांचा आग्रह होता. तथापि केंद्र शासनाने २०१२ मध्ये फेरविचारासाठी कस्तुरीरंगन कार्यगट नेमला. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे त्यांचे मराठी आत्मकथन.