माणसाला थांबविणारी गोळी



युद्धाच्या इतिहासात पिस्तुलाला फारशी जागा नाही. लढाया तोफांनी, बंदुकांनी आणि उपाशीपोटी चालणाऱ्या पायांनी जिंकल्या जातात. कमरेचे पिस्तूल हे शेवटच्या दहा पावलांचे हत्यार. असे असूनही, त्याच्या नळीचा व्यास किती असावा यावरून जगातल्या मोठमोठ्या सैन्यांत सव्वाशे वर्षे वाद चालत आलेला आहे. वरवर पाहता हा लोहारशाळेतला वाद वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे. समोरून धावत येणारा माणूस गोळी लागूनही थांबत नाही, तेव्हा दोष कोणाचा? गोळीचा, नेम धरणाऱ्याचा, की ज्यांनी त्या दोघांना एकमेकांसमोर उभे केले त्यांचा? आज मी अमेरिकन सैन्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा मागोवा घेणार आहे.

आधी थोडी परिभाषा. ‘पंचेचाळीस’ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले पंचेचाळीस, सुमारे साडेअकरा मिलिमीटर. ‘अडतीस’ म्हणजे व्यवहारात नऊ मिलिमीटर. परंतु व्यास म्हणजे गोळीची सगळी ताकद नव्हे. गोळीचे वजन किती आणि ती किती वेगाने जाते, हे दोन्ही पाहावे लागते. जो केवळ व्यासावरून गोळीची किंमत करतो, तो गाडीच्या चाकाची रुंदी पाहून बैलाचे बळ सांगणाऱ्यासारखा आहे.

१८९८ साली अमेरिकेने स्पेनचा पराभव केला आणि पॅरिसच्या तहान्वये दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स बेटे आपल्याकडे घेतली. स्पेनविरुद्ध आधीपासून लढत असलेल्या फिलिपिनो लोकांना या व्यवहारात कोणी विचारले नाही. १८९९ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटले. मुख्य युद्ध १९०२ मध्ये संपल्याचे जाहीर झाले, तरी दक्षिणेतल्या मोरो मुसलमानांशी झगडा १९१३ पर्यंत चालला. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा अडतीसचे कोल्ट रिव्हॉल्व्हर होते. १८९२ पासून घेतलेले, हलके, चालवायला सोपे. त्याची गोळी सुमारे पावणेदहा ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम २३५ मीटर. तक्रारी येऊ लागल्या की पाते उगारून झाडीतून धावत येणारा माणूस या गोळ्यांनी थांबत नाही. तेव्हा कोठारात पडलेली १८७३ च्या नमुन्याची पंचेचाळीसची जुनी रिव्हॉल्व्हरे झाडूनपुसून तिकडे पाठविण्यात आली.

ही तक्रार आपल्याला अनोळखी नाही. वायव्य सरहद्दीवर पठाण थांबत नाहीत अशी ओरड इंग्रज सैन्यानेही केली होती. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, १८९० नंतरच्या दशकात, टोक उघडे ठेवलेली बंदुकीची गोळी तयार झाली. अंगात शिरताच ती पसरते आणि मोठी जखम करते. गावाचे नाव गोळीला पडले आणि जगभर झाले. १८९९ च्या हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका या दोन सत्तांनी विरोध केला. इंग्लंडचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा मुद्दा असा की, सुसंस्कृत सैनिक गोळी लागताच लढाईतून बाजूला होतो, पण रानटी माणूस तसाच पुढे येतो. ‘रानटी’ कोण, तर ज्याचा देश आपण घेत आहो तो! अमेरिकेच्या बाजूने बोलणारे कॅप्टन विल्यम क्रोझिअर पुढे त्यांच्या सैन्याच्या आयुधखात्याचे प्रमुख झाले. १९०४ ची प्रसिद्ध पिस्तूलचाचणी त्यांच्याच कारकीर्दीत झाली.

ही चाचणी दोघांच्या हाती दिली होती. आयुधखात्याचे कॅप्टन जॉन थॉम्प्सन, ज्यांचे नाव पुढे ‘टॉमी गन’मुळे गाजले, आणि सैन्याचे शल्यवैद्य मेजर लुई लगार्ड. जागा निवडली शिकागोची, तिथल्या गुरांच्या प्रचंड कत्तलखान्यांची. निरनिराळ्या व्यासांच्या गोळ्या त्यांनी माणसांच्या प्रेतांवर झाडल्या आणि जिवंत गुरांवरही झाडल्या. प्रेत टांगून गोळी मारायची आणि ते किती हलते ते पाहायचे. गुराला गोळी मारायची आणि ते केव्हा कोसळते ते मोजायचे. जर्मन लुगर, इंग्रजी वेब्ली, अमेरिकन कोल्ट, सगळ्यांचा कस लागला. आज शास्त्रज्ञ या पद्धतीला फारशी किंमत देत नाहीत. नमुने थोडे, अटी सारख्या नाहीत, आणि प्रेताच्या हलण्यावरून जिवंत माणसाबद्दल काय सिद्ध होणार?

शिकागोचे नाव निघाले की कामगार चळवळीतल्या माणसाला दुसरेच काही आठवते. मे दिनाची कहाणी त्याच शहरातली, १८८६ ची. आणि ज्या १९०४ साली ही चाचणी झाली, त्याच वर्षी जुलैत या कत्तलखान्यांतल्या हजारो कामगारांनी अकुशल मजुरांच्या वेतनासाठी संप पुकारला. सप्टेंबरात तो मोडला. त्यानंतर अप्टन सिंक्लेअर तिथे गेले, कामगारांत राहिले, आणि त्यांची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने निघाली. एकाच आवारात एकाच वर्षी दोन प्रश्न विचारले गेले. माणूस कोणत्या गोळीने पडतो, हा सरकारने विचारलेला प्रश्न. माणूस किती पैशांत जगतो, हा कामगारांनी विचारलेला. पहिल्याच्या उत्तरासाठी मंडळ नेमले गेले.

मंडळाचा निष्कर्ष सर्वांना ठाऊक आहे: सैन्याच्या पिस्तुलाचा व्यास पंचेचाळीसपेक्षा कमी नसावा. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र लोक विसरले. शरीराचा बराचसा भाग असा आहे की तिथे कोणत्याही पिस्तुलाची गोळी लागली तरी माणूस तत्काळ थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून सैनिकांना नेमबाजीचा सतत सराव द्यावा, असे मंडळाने बजावले होते. पहिली शिफारस अमलात आणायला नवे पिस्तूल विकत घ्यावे लागते, दुसरीला माणसे शिकवावी लागतात. पहिलीचाच गाजावाजा का झाला, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

नव्या पिस्तुलासाठी कंपन्यांत चुरस लागली. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याचे कोल्ट पिस्तूल १९११ च्या मार्चमधल्या कसोटीत सहा हजार गोळ्या झाडूनही एकदा अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज सदतीस वेळा अडले. कोल्टची निवड झाली. त्याची गोळी सुमारे पंधरा ग्रॅमची, वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्रात आपण वेगळ्या संदर्भात ऐकलेले आहे. सावरकरांनी लंडनहून पाठविलेली पिस्तुले ब्राउनिंगच्याच बनावटीची होती, आणि त्यांच्यापैकीच एक २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या हाती होते. हत्यार घडविणाऱ्याला ते कोणाच्या मुठीत जाईल हे ठरविता येत नाही.

मोरो योद्ध्यांमुळे पंचेचाळीस आले, ही कथा पुढे रूढ झाली. तिच्या पुष्ट्यर्थ जे उदाहरण नेहमी देतात ते अंतोनियो कास्पी या कैद्याचे. जवळून चार गोळ्या लागूनही तो पडला नाही, शेवटी बंदुकीच्या दस्त्याने त्याला पाडावे लागले, हे लगार्ड यांनीच नोंदविले आहे. पण ही घटना समार बेटावरची, मोरो मुलखातली नव्हे. आणि ती १९०५ ची, म्हणजे चाचणीनंतरची! आणि मोरो लोकांचा मोठा संहार झाला तो १९०६ च्या मार्चमध्ये बुद दाजो डोंगरावर. शेकडो माणसे, त्यांत बायकामुलेही, तिथे मारली गेली. मार्क ट्वेनने त्यावर जळजळीत लिहिले. ते काम तोफांनी, बंदुकांनी आणि मशीनगनांनी केले. पिस्तुलाच्या व्यासावाचून काही अडले नाही.

इंग्लंडने मात्र उलट वाट धरली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी मोठे वेब्ली सोडून अडतीसचे हलके रिव्हॉल्व्हर घेतले. कारण नवख्या शिपायाला त्याचा दणका कमी बसतो आणि तो लवकर शिकतो. जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी १९०२ च्या सुमारास नऊ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध केले होते, तेच पुढे जगभर पसरले. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातही सैन्यासाठी बनविलेले पिस्तूल ब्राउनिंगच्या नमुन्याचे आणि नऊ मिलिमीटरचेच. या काडतुसाची गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर. व्यास जुन्या अडतीसचाच, पण जोर जवळजवळ दुप्पट. गणित केले तर पंचेचाळीसच्या बरोबरीचा. शेवटी १९८५ साली अमेरिकेनेही पंचेचाळीस सोडून नऊ मिलिमीटरचे बेरेटा घेतले. मित्रराष्ट्रांशी काडतूस एक झाले, सातऐवजी पंधरा गोळ्या मावू लागल्या. २०१७ साली पिस्तूल पुन्हा बदलले, काडतूस तेच राहिले.

त्यांच्या केंद्रीय पोलिसांनी, एफबीआयने, हाच प्रवास थोड्या वर्षांत केला. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीच्या चकमकीत दोन अधिकारी मेले. एक नऊ मिलिमीटरची गोळी गुन्हेगाराच्या हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. लगेच मोठी काडतुसे आली. त्यांचा दणका अनेकांना पेलेना, आणि २०१५ च्या सुमारास हे खाते पुन्हा नऊ मिलिमीटरवर आले. पिस्तुलाच्या गोळीच्या ‘धक्क्याने’ माणूस पडत नाही. ती मर्मस्थानापर्यंत पोहोचते की नाही एवढेच महत्त्वाचे, हे त्यांच्या अभ्यासाने १९८९ मध्येच सांगितले होते. म्हणजे १९०४ च्या अहवालातली विसरलेली ओळच पुन्हा सापडली.

श्रोतेहो, हत्याराची निवड करणाऱ्यांनी व्यास मोजावा, वजन मोजावे, वेग मोजावा. ते त्यांचे काम आहे आणि ते नीट झालेच पाहिजे. ज्या शिपायाच्या हाती वाईट हत्यार दिले जाते, तो बहुधा गरिबाचाच मुलगा असतो. परंतु इतिहास वाचणाऱ्याने तिथेच थांबू नये. गोळ्या अंगावर घेऊन पुढे येणारा माणूस कशासाठी येतो, ते मोजण्याचे माप शिकागोच्या मंडळाकडे नव्हते. ते माप त्याच्या गावात, त्याच्या जमिनीत आणि न विचारता झालेल्या त्या दोन कोटींच्या व्यवहारात होते.