उत्तरेची खिडकी

आपल्या बहुतेक जुन्या घरांत पणजोबांचा एखादा फोटो असतो. डोक्यावर पगडी, हाताशी खुर्ची, नजर स्थिर. कागद पिवळा पडला तरी चेहरा अजून वाचता येतो. आज आपल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. पण घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला एकही धड फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा करावा लागतो. विजेचा दिवा नसलेल्या काळात जे साधत होते, ते आज का साधत नाही? याचे उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचे एक पान आपल्या इंदूरचे आहे.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. सुरुवातीला एका चित्रासाठी कित्येक मिनिटे लागत. १८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत आली आणि हा वेळ सेकंदांवर उतरला. तरी तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. उजेडाचे काम सूर्याकडेच होते. म्हणून स्टुडिओला काचेचे छत किंवा उत्तरेकडे काचेची भिंत असे. उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही; येतो तो पसरलेला, मऊ उजेड. चित्रकारांना हे आधीपासून ठाऊक होते. छायाचित्रकारांनी त्याला पडद्यांची जोड दिली. पडदे सरकवून उजेड एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा धरून सावली हलकी करायची, एवढीच ती विद्या.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. आपल्या इंदुरातले नाव लाला दीनदयाळ यांचे. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो इथेच, नोकरी सांभाळून. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि ज्यांच्या नावाने आपले डेली कॉलेज आहे ते सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. तो एक इंग्रज बाई चालवत. पडद्यातल्या स्त्रियांनाही आपला चेहरा मागे ठेवता यावा, ही सोय त्यामुळे झाली. आपल्याकडे कितीतरी घरांत पणजोबांचा फोटो आहे आणि पणजीचा नाही, हे आठवले की त्या स्टुडिओचे मोल कळते.

पण ही विद्या स्टुडिओपुरती कधीच नव्हती. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधल्या आपल्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची अंधारखोली. १८६७ मध्ये त्यांनी काढलेले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चित्र पाहावे: मागे काळोख, एका बाजूने उजेड, आणि त्यात उमटलेला म्हातारा चेहरा. जगातल्या उत्तम व्यक्तिचित्रांत आजही त्याची गणना होते.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की चेहरा दिसतो तो उजेड किती आहे यावर नव्हे, तर तो कुठून येतो यावर. डोक्यावरची ट्यूबलाइट डोळ्यांत खड्डे पाडते. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडून चेहरा सपाट करतो. त्यापेक्षा खोलीतले दिवे बंद करावेत. ऊन थेट येत नाही अशा खिडकीपासून तीन-चार फुटांवर आजींना खुर्चीत बसवावे आणि चेहरा खिडकीकडे थोडा वळवायला सांगावे. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा. मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून पाच-सहा फुटांवरून फोटो घ्यावा. फार जवळ गेल्यास नाक मोठे दिसते. चष्म्यावर खिडकी चमकली तर मान किंचित खाली करायला सांगावी. रात्रीची वेळ असेल तर एक एलईडी दिवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवावा. मग भिंतच खिडकीचे काम करते. डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका दिसला की समजावे, जमले.

घाई मात्र करू नये. जुन्या काळी माणूस काही क्षण स्वस्थ बसत असे. ती स्वस्थता त्या फोटोंत उतरली आहे. चार गोष्टी बोलाव्यात, आजींना पदर सारखा करू द्यावा, मग बटण दाबावे.

गौरी-गणपतीला मुले, सुना, नातवंडे घरी येतात. आरतीनंतरच्या घोळक्याचे फोटो निघतीलच. त्याच दिवसांत एका सकाळी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा एकेकट्याचा फोटो काढावा, आणि आजींचा आधी. तो कागदावर छापून घ्यावा आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. आपल्या जुन्या अल्बममध्ये सुंदर उजेडातले कितीतरी चेहरे आज बिननावाचे झाले आहेत. ते कोण, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही.