खांब कुठे मोडतो?

चाकण, महाळुंगे, भोसरी या पट्ट्यातील कारखान्यांच्या मागच्या बाजूला पाइनच्या फळ्यांचे ढीग नेहमी दिसतात. परदेशातून आलेल्या यंत्रांचे खोके, सुट्या भागांखालची पॅलेट, त्यांचे आडवे ठोकळे. यंत्र बाहेर निघाले की खोक्याचे काम संपते आणि फळ्या भंगारात जातात. तिथून त्यांची टेबले होतात, रोपवाटिकांचे आडोसे होतात. काही टेम्पोत बसून घाट उतरतात आणि कोकणातल्या एखाद्या घराच्या किंवा शाळेच्या परसाला आडोशाचे कुंपण म्हणून उभ्या राहतात. पहिल्या वर्षी हे कुंपण मोठे देखणे दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मात्र वाऱ्याच्या एखाद्या झोताने ते आडवे होते. अशा वेळी पडलेले खांब जरूर तपासून पाहावेत. बहुतेक सगळे जमिनीच्या पातळीशी, फार तर वीतभर खाली मोडलेले आढळतात. वरचे लाकूड ठणठणीत असते आणि खोल गेलेले टोकही त्या मानाने बरे असते.

या साध्या निरीक्षणात लाकूड टिकवण्याचा बराचसा इतिहास दडलेला आहे, आणि त्यातली काही पाने पिंपरी-चिंचवडच्या परिसरातच लिहिली गेली आहेत.

आधी थोडे विज्ञान. ‘पाण्याने लाकूड कुजते’ असे आपण सहज म्हणून जातो. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, पाणी आणि हवा. अन्न म्हणजे लाकडातले सेल्युलोज व लिग्निन. ते तर हजरच असते. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. उरले पाणी आणि हवा. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असेल, तर बुरशीला वाढता येत नाही. पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात तेव्हा हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास जातो, आणि त्याच्या पुढे तिची चंगळ सुरू होते. उलट लाकूड इतके भिजले की त्याच्या पोकळ्यांत हवेला जागाच उरली नाही, तर बुरशी गुदमरते. म्हणजे लाकडाला दोन जागा सुरक्षित आहेत: अगदी कोरडी आणि पूर्ण बुडालेली. खांबाचा वरचा भाग पहिलीच्या जवळ असतो, खोल टोक दुसरीच्या. जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात मात्र पाणी आणि हवा दोन्ही एकत्र भेटतात. वाळवीलाही हीच जागा सोयीची पडते.

कोरड्या जागेचे उदाहरण पाहायला पुण्याहून लोकलने मळवलीला उतरावे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. हे लाकूड मूळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. तिथून जवळच्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पिंपरीकडे तो सातशेच्या आसपास उतरतो. एवढ्या पावसाच्या शेजारी राहून या कमानी टिकल्या कशा? त्यांच्यावर डोंगराएवढे छप्पर आहे, त्यांच्याभोवती हवा खेळती आहे, आणि त्या कोठेही जमिनीला टेकत नाहीत. सागाचा गाभा चिवट असतो हे खरेच. पण हाच साग बाहेरच्या मातीत रोवला असता तर त्याने दोन हजार वर्षे काढली नसती.

बुडालेल्या जागेचे उदाहरण दूरचे आहे, पण ते कुंपणाचेच आहे. मौर्यांच्या पाटलिपुत्राभोवती लाकडी तटबंदी होती, तिला ६४ दरवाजे आणि ५७० बुरूज होते, असे ग्रीक वकील मेगॅस्थेनिसच्या वर्णनावरून समजते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे उत्खनन झाले, तेव्हा या तटबंदीच्या साली खांबांच्या दोन समांतर रांगा जमिनीखाली उभ्या सापडल्या. लाकूड आश्चर्य वाटावे इतके चांगले राहिले होते, कारण ते पाण्याने भरलेल्या चिखलात होते. जमिनीच्या वरचा तट कधीच नाहीसा झाला होता. मोडण्याची जागा तीच, फक्त मोजमाप शतकांचे.

आपल्याकडच्या सुतारांना हे बुरशीचे नाव न घेता ठाऊक होते. कोणत्याही जुन्या वाड्यात जाऊन खांबाचा पाया पाहावा. लाकडी खांब थेट मातीत उतरत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. कोकणात तर कुंपणाचा भार लाकडावर टाकतच नसत. खाली जांभ्याचा गडगा. आडोसा हवा असेल तर वर नारळाच्या झावळ्यांचे झाप, आणि ते दरवर्षी बदलायचे. नाहीतर निवडुंग, शेर, निरगुडी, मोगली एरंड यांची जिवंत वई. पांगाऱ्याची फांदी रोवली की खांबच पालवतो, आणि जिवंत लाकूड कुजत नाही. आजच्या भाषेत याला आपण ‘कमी खर्चाचे तंत्र’ म्हणू. आमच्या मते त्यात खर्चापेक्षा निरीक्षण अधिक आहे.

मोठी अडचण आली ती लाकूड दरवर्षी बदलणे परवडेनासे झाले तेव्हा. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली सागवानी जहाजे जगभर नावाजली गेली. १८१७ मध्ये तिथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पण जहाजांना साग लागतो आणि साग जंगलातून येतो. दापोडीला (आज ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे) त्या काळी सरकारी वनस्पती-उद्यान होते. त्याचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने शल्यवैद्य. कोकण आणि घाटातली झाडी वेगाने संपत चालली आहे, डोंगर उघडे पडले की झरेही आटतात, असे तो सरकारला लिहीत राहिला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची रंगीत चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपून ठेवली आहेत. ती काढणाऱ्या गोमंतकीय वळणाच्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही.

गिब्सनच्या नेमणुकीला अकरा वर्षे होतात न होतात तोच, १४ जून १८५८ रोजी, खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. तो दापोडी-चिंचवडवरूनच जातो. विद्यार्थ्यांना एक हिशेब घालावा. हे अंतर सुमारे ४० मैल. एका मैलाला त्या काळी साधारण १,८०० लाकडी स्लीपर लागत. म्हणजे एवढ्याशा तुकड्याला ७२,००० स्लीपर, आणि त्यातला प्रत्येक स्लीपर नेमका त्या घातक पट्ट्यात, अर्धा मातीत अर्धा हवेत, आडवा पडलेला! प्रक्रिया न करता या जागी तग धरणारी लाकडे म्हणजे मुख्यतः साग, साल आणि देवदार. तीही दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागत. देशभरच्या मार्गांसाठी हा गुणाकार केला की १८६४ मध्ये सरकारने वनखाते का काढले, आणि त्यानंतर १८६५ व १८७८ चे जंगल कायदे का आले, याचे निम्मे उत्तर मिळते. ते कायदे जंगलात राहणाऱ्यांना किती जाचक ठरले, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

युरोपातही हीच ओरड होती. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी वेगळी वाट धरली: लाकूड बदलता येत नसेल, तर बुरशीचे अन्नच विषारी करावे. १८३२ मध्ये कायनने पाऱ्याचे क्लोराइड वापरले. ते महाग आणि माणसालाही घातक होते. १८३८ मध्ये जॉन बेथेलने दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे क्रिओसोट तेल लाकडात दाबाने घुसवण्याचे पेटंट घेतले. लोखंडी नळकांड्यात लाकूड ठेवायचे, आधी हवा शोषून घ्यायची, मग तेल सोडून दाब द्यायचा. बाल्टिक समुद्राकडचे साधे पाइन या प्रक्रियेने इतके टिकू लागले की असे क्रिओसोट पाजलेले स्लीपर जहाजाने भारतातही आले. जंगलांनी वेढलेल्या देशात लाकूड बाहेरून यावे, ही त्या काळच्या अर्थव्यवहाराची गंमतच म्हणायची.

यापुढचे पाऊल भारतात पडले, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे नसते याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसन हे संशोधक काम करीत होते. तांब्याचे क्षार बुरशीला मारतात आणि आर्सेनिक वाळवीला मारते, हे माहीत होते; पण दोन्ही पाण्यात विरघळतात, म्हणून दोन-चार पावसांत धुऊन जातात. कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास त्यांच्या जोडीला पोटॅशियम डायक्रोमेट घातले. लाकडातील द्रव्यांशी क्रिया होऊन क्रोमियमचे क्षपण होते, आणि तांबे व आर्सेनिक यांची न विरघळणारी संयुगे लाकडाच्या तंतूंतच तयार होतात. पाण्यातून आत गेलेले औषध पाण्याने बाहेर येत नाही! आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून या मिश्रणाचे नाव पडले ‘अस्क्यू’. पुढे याच कुळातील मिश्रणांनी जगभरचे तारेचे खांब, धक्के आणि घराभोवतीची कुंपणे टिकवली. परसातल्या त्या हिरवट झाकेच्या लाकडामागचे डोके देहरादूनचे होते, हे अमेरिकेत फार थोड्यांना माहीत असेल.

मात्र विष ते विषच. मुले ज्या लाकडावर खेळतात त्यातून थोडे आर्सेनिक हाताला आणि मातीला लागते, हे दिसून आल्यावर अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणे थांबवले. युरोपातही बंधने आली. आपल्याकडे अधिक धोका दुसरीकडे आहे. कुंपण पडले की लाकडाचे तुकडे बंबात किंवा चुलीत जातात. प्रक्रिया केलेले लाकूड जाळले की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते, आणि आपण ती राख भाजीच्या वाफ्यात टाकतो! हिरवट झाकेचे लाकूड किंवा क्रिओसोटचा वास येणारा जुना रेल्वे स्लीपर शाळेच्या आवारात आणू नये, आणि कधीही जाळू नये.

आता चाकणच्या फळ्यांकडे वळू. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि ‘एचटी’ अशी अक्षरे डागलेली असतात. हे लाकूड ‘ट्रीटेड’ आहे, म्हणून कुजणार नाही, असे विकणारा आणि घेणारा दोघेही प्रामाणिकपणे समजतात. हा समज चुकीचा आहे. आशियातला एक लांब शिंगांचा भुंगा खोक्यांच्या लाकडातून अमेरिकेत पोचला आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांवर सापडला. अशा किडींचा प्रवास थांबवण्यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला: लाकडाचा गाभासुद्धा सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअसला तापला पाहिजे. ‘एचटी’चा अर्थ एवढाच. त्या दिवशी लाकडात जिवंत असलेली कीड मेली. उद्या येणाऱ्या बुरशीविरुद्ध त्यात काहीही शिल्लक नाही. दूध तापवले म्हणून ते पुढे कधी नासणार नाही असे आपण मानत नाही, तसेच हे. ‘एमबी’ अशी अक्षरे असतील तर त्या लाकडाला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात किंवा शाळेत न वापरलेले बरे.

मग या स्वस्त पाइनचे कुंपण किनाऱ्यावर करूच नये का? करावे, पण त्याला मातीत उतरवू नये. फळ्या पाइनच्या असू द्याव्यात. खांब खैराच्या किंवा सागाच्या गाभ्याचे घ्यावेत. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड, मग ते सागाचे का असेना, पाइनइतकेच लवकर जाते. खांब काँक्रीटमध्ये गाडला की सुटलो असे वाटते. प्रत्यक्षात वाळल्यावर लाकूड आकसते, काँक्रीट आणि खांब यांच्यात फट पडते, तिच्यात पाणी साठते, आणि घातक पट्टा आपण आपल्याच हाताने तयार करतो. त्याऐवजी जांभ्याचा हातभर गडगा किंवा काँक्रीटचा ठोकळा करून त्यात जस्त चढवलेली लोखंडी पट्टी बसवावी आणि खांब तिला बोल्टने, जमिनीपासून चार बोटे वर, धरावा. तळखड्याचीच ही नवी आवृत्ती. खांबाचा माथा तिरका कापावा, कारण आडव्या छेदातून लाकूड पाणी सर्वांत जास्त पिते. फळ्यांत बोटभर फट ठेवली तर वारा आणि ऊन आत जाते. आडोसा पूर्ण हवा असेल तर फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठोकाव्यात. साधे खिळे खाऱ्या हवेत गंजतात आणि गंजणारे लोखंड भोवतालचे लाकूडही खाते, म्हणून खिळेही जस्ताचा थर दिलेलेच घ्यावेत. एवढे केले तरी जुलैत रत्नागिरीकडची हवाच लाकडाला २० टक्क्यांच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवते. देखभाल चुकत नाही; फक्त ती परवडण्याजोगी होते.

शाळेत याचा प्रयोग सहज करता येतो. देहरादूनलाही लाकडाची परीक्षा मातीत खुंट्या रोवूनच घेतात. हातभर लांबीच्या सारख्या जाडीच्या खुंट्या करा: पाइन, सागाचा गाभा, सागाचे बाहेरचे फिकट लाकूड आणि गावात मिळेल ते एखादे. प्रत्येकीच्या तीन. जूनच्या आरंभी त्या उन्हात वाळवून वजन करा आणि क्रमांक घाला. एक निम्मी मातीत रोवा, एक विटेवर उभी करा, तिसरी पाण्याने भरलेल्या, तळाशी चिखल असलेल्या मडक्यात पूर्ण बुडवून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर काढून धुवा, पुन्हा तितकीच वाळवा आणि वजन करा. एका पावसाळ्यात वजनातला फरक थोडाच असेल, म्हणून त्याच खुंट्या परत आपापल्या जागी ठेवून पुढच्या वर्षीही मोजा. प्रत्येक वेळी बारीक खिळा हाताने टोचून तो कोणत्या उंचीवर सर्वांत सहज आत जातो, ते सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.