सोमवारची धाप

* लेखकाच्या वडिलांना सुटीनंतरच्या दिवशीच धाप का लागे, याचे कारण मजकुरात आलेले नाही. ही लक्षणे बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या श्वसनविकाराची आहेत. गिरणीत ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस मोकळा करण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत, ही धूळ सर्वांत जास्त उडे. मोठे कण नाकातले केस आणि शेंबूड अडवतात. बारीक कण श्वासनलिकेच्या फांद्यांपर्यंत पोचतात. कापसात मिसळलेल्या पाल्याकचऱ्यावरील जिवाणूंची विषद्रव्येही त्यांच्यासोबत आत जातात. नलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि छाती जखडल्यासारखी होते. रविवारी आराम पडे. सोमवारी पाळीवर गेल्यावर काही तासांत त्रास उसळे, मंगळवारी तो थोडा कमी असे. वर्षे सरली की हा फरक उरत नाही, दम कायमचा लागतो. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारखे खास डाग एक्स-रेत दिसत नसल्याने या आजाराचे खापर विडीवर किंवा साध्या दम्यावर सहज फुटे, आणि तो कामगारांवर अन्यायच होता. (विडीने हा आजार बळावतो, हेही खरे.) १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिसचा पुढे समावेश झाला. — संपादक